मयत इसमाची नागीण

इद्वल प्यू यांनी आयुष्यात फार थोड्या पत्रांना उत्तर दिलं नव्हतं. त्यातलं एक गेले आठ आठवडे त्यांच्या स्वयंपाकघरातल्या घड्याळामागे उभं होतं. पत्र आरोग्य मंडळाचं होतं आणि त्यात एकच प्रश्न होता: ‘आपण अजून वरील पत्त्यावर राहता का?’ खाली दोन चौकोन, ‘होय’ आणि ‘नाही’. अठ्ठावीस दिवसांत खूण करून परत पाठवा, तिकीट लावण्याची गरज नाही.

दुसरा कुणी चहा गार व्हायच्या आत खूण करून मोकळा झाला असता. पण इद्वल प्यू एक्केचाळीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासत होते. ते ‘अजून’ या शब्दापाशी अडले. हा प्रश्न विचारणाऱ्याला आपण एव्हाना इथे नसू असं वाटत होतं की काय? त्यांनी दोन पानी उत्तर लिहिलं. मग दोन पानं म्हणजे आगाऊपणा वाटेल म्हणून एक ओळ लिहिली. एक ओळ उद्धट वाटली. अशी अकरा उत्तरं झाली. तोवर अठ्ठावीस दिवस उलटले, म्हणजे आता उशिराची माफी मागणं आलं. आणि जितका उशीर होई तितकी माफी लांब करावी लागे, माफी लांबली की आणखी उशीर होई. शेवटी त्यांनी पत्र घड्याळामागे ठेवून दिलं. काही गोष्टी दिसेनाशा झाल्या की मिटतात, असा त्यांचा अनुभव होता.

एप्रिलातल्या त्या सोमवारी सकाळी बनियन घालताना त्यांच्या डाव्या बरगडीखाली कुणी तापलेली सुई ओढल्यासारखं झालं. आरशात पाहिलं तर पाठीकडून बेंबीकडे लाल फोडांची रांग निघाली होती. रांग अगदी सरळ होती, शिस्तीची. शेजारच्या नेस्टा ब्रीझबाई अंडी द्यायला आल्या आणि त्यांना वाकडं उभं राहिलेलं पाहून म्हणाल्या,

“शर्ट वर कर.”

“नेस्टा, अगं, मी...”

“वर कर म्हणते ना! दोन नवरे धुऊनपुसून पोचवलेत मी. तुझ्यात नवीन काय असणार?”

शर्ट वर झाला. नेस्टाबाईंनी हातातली अंडी टेबलावर ठेवली. “गरुड,” त्या म्हणाल्या.

ज्या दुखण्याला आपल्याकडे नागीण म्हणतात, त्याला वेल्श लोक गरुड म्हणतात. आपल्याकडे ती सरपटत येते, तिकडे तो झडप घालतो. पण शेवट दोन्हीकडचे म्हातारे एकच सांगतात: कमरेला वेढा पडून दोन्ही टोकं मिळाली की माणूस आटोपला. इद्वल प्यू यांचा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता. घरात तीन हजार पुस्तकं असलेल्या माणसाचा नसतोच. फक्त त्या दिवशी ते दर अर्ध्या तासाने आरशासमोर जात होते.

दुपारी नेस्टाबाई टेग्विनला घेऊन आल्या. टेग्विन वरच्या कुरणाचा, ऐंशी पार केलेला मेंढपाळ. त्याच्या कुठल्याशा पूर्वजाने गरुडाचं मांस खाल्लं होतं, आणि अशा माणसाच्या नऊ पिढ्यांच्या फुंकरीत उतारा असतो म्हणतात. टेग्विन नववा.

“माझ्यानंतर तुमचं तुम्ही बघा,” तो म्हणाला आणि इद्वल प्यू यांच्या बरगडीवर नऊ वेळा फुंकर घातली. पेपरमिंटचा आणि मेंढ्यांचा वास सुटला. मग तो डोंगरांची नावं पुटपुटत गरुडाला एकेका शिखरावर पाठवू लागला. पाचव्या शिखरावर थांबला आणि इद्वल प्यू यांच्याकडे टक लावून म्हणाला,

“इद्वल, फेब्रुवारीत तुला पोचवायला आलो होतो ना रे मी?”

खोली गार पडली. “तो टी कापेलचा इद्वल,” नेस्टाबाई म्हणाल्या.

“हां, हां. तो. माझा तुम्हा दोघांत जरा घोटाळा होतो.”

त्याचा दोष नव्हता. अबेरवेलन गावात आडनावं इनमिन सहा, आणि इद्वल प्यू दोन. दोघांचा जन्म एकाच आठवड्यातला. म्हणून तिथे माणसाला घराच्या नावाने ओळखतात: चॅपलशेजारच्या घरात राहायचा तो टी कापेलचा, आणि आपले, वरच्या कड्यावरचे, ते पेन-ई-ग्राइगचे. गावाचं यात कधी काही अडलं नव्हतं.

जाताना टेग्विनने खिशातून सुतळी काढली, फोडांच्या रांगेच्या दोन्ही टोकांमधली मोकळी जागा मोजली आणि तेवढा तुकडा तोडून दिला. “रोज लावून बघ. सुतळी बरोबर बसली तर काळजी नाही. उरायला लागली तर...” त्याने वाक्य पुरं केलं नाही. टोपी मात्र काढली.

“ते असू दे,” त्याची पाठ वळल्यावर नेस्टाबाई म्हणाल्या, “तू केमिस्टकडे जा. त्या हेलेधला आता स्वतः औषध लिहून द्यायचा परवाना मिळालाय. डॉक्टरची वेळ एकोणीस दिवसांनंतरची आहे, आणि या औषधाला तीन दिवसांची मुदत. माझ्या बहिणीला चौथ्या दिवशी मिळालं. सहा वर्षं अंगाला पातळ कपडा लागला तरी किंचाळायची. तुझं काय होईल? मांडीवर पुस्तकसुद्धा धरवणार नाही तुला.”

हे शेवटचं इद्वल प्यू यांना गरुडापेक्षा जास्त लागलं.

मंगळवारी डोंगरावरून धुकं उतरलं ते घरांच्या खिडक्यांना टेकून बसलं. पुलाजवळ वाचनालयाची फिरती गाडी उभी होती. आधी पुस्तक बदलावं, थोडा धीर येईल, असं त्यांना वाटलं. गाडीतल्या बाईंनी कार्ड यंत्राला लावलं. यंत्राने त्यांच्या ओळखीचा नसलेला आवाज काढला.

“खातं बंद आहे,” बाई म्हणाल्या. “इथे लिहिलंय, वाचक दिवंगत.”

“पण मी तर... मी एक पुस्तक राखूनही ठेवायला सांगितलं होतं.”

“ते दिलं दुसऱ्याला.”

“कुणाला?”

“नाव सांगता येत नाही. पण जिवंत माणसाला दिलंय.” बाईंनी वर पाहिलं, जरा ओशाळल्या, आणि कार्ड खणात टाकलं.

तिकडच्या कारभारात माणूस एका टेबलावर वारला की सगळ्या टेबलांवर वारतो. एरवी नातेवाइकांची मोठी सोय होते. इद्वल प्यू मात्र पस्तीस वर्षांत पहिल्यांदाच रिकाम्या हाताने त्या गाडीतून उतरले. रस्त्यात धुक्यातून माणसं समोर येत होती आणि विरत होती. त्यांनी तिघांना नमस्कार केला. एकानेही उत्तर दिलं नाही. खरं म्हणजे त्यांचा नमस्कार एरवीही कुणाला ऐकू जात नसे, इतका तो हळू असे. पण आज त्याचा अर्थ वेगळा लागू लागला.

चॅपलच्या आवारातून जवळची वाट होती. तिथे नव्या मातीच्या ढिगाऱ्यावर लाकडी फळी उभी होती, दगड अजून यायचा होता. फळीवर लिहिलं होतं: इद्वल प्यू. खाली त्यांचंच जन्मसाल. हे टी कापेलचे, हे त्यांना ठाऊक होतं. अंत्ययात्रेला ते स्वतः मागच्या रांगेत उभे होते. तरी त्यांनी सवयीने अक्षरन् अक्षर तपासलं. एकही चूक नव्हती. एखादी सापडली असती तर बरं वाटलं असतं.

केमिस्टच्या दारावरची घंटा वाजली तशा आत बोलणाऱ्या दोन बायका गप्प झाल्या. हेलेध प्रॉसर आठ महिन्यांपूर्वी दक्षिणेकडून, स्वान्सीहून आलेली. सोळा वर्षं डॉक्टरांनी लिहिलेलं वाचून औषधं देत आली होती. स्वतः तपासून स्वतः लिहायला लागून तिला तीन आठवडे झाले होते. तिने त्यांना दुकानामागच्या खोलीत नेलं. खोली कसली, कपाटच ते. दोन खुर्च्या, आणि भिंतीवर कापून दाखवलेल्या हृदयाचं चित्र.

“किती वाजता दिसलं पहिल्यांदा?”

“काल सकाळी. आठला. आठ वाजून पाच.”

“शाब्बास, असं सांगणारे लोक हवेत! जरा वर करा. अजून थोडं. अगबाई!” तिचे डोळे चमकले. “हे तर अगदी पुस्तकातल्यासारखं आहे!”

इद्वल प्यू यांना त्या अवस्थेतही थोडा अभिमान वाटला. त्यांच्या शरीराबद्दल एवढं चांगलं आजवर कुणी बोललं नव्हतं.

“आज गोळ्या सुरू करू. गुरुवारी सकाळी आठपर्यंत वेळ आहे, आपण भरपूर आधी आहोत.” तिने संगणकावर नाव घातलं, जन्मतारीख घातली. मग तिने तारीख पुसून पुन्हा घातली. मागच्या नळीतून पाणी वाहिल्याचा आवाज येत राहिला.

“मिस्टर प्यू, तुम्हाला... बरं वाटतंय ना?”

“नाही. म्हणूनच आलो.”

“तसं नाही हो. इथे तुमची तारीख दिलीय.”

“कसली तारीख?”

“जायची,” हेलेध म्हणाली.

तिने दवाखान्याला फोन लावला आणि त्यांनाही ऐकू यावा म्हणून टेबलावर ठेवला. पलीकडचा बाईचा आवाज अतिशय गोड होता.

“दिवंगत रुग्णाच्या नातेवाइकांना आमची सहानुभूती आहे.”

“नातेवाईक नाहीत. ते स्वतः माझ्यासमोर बसलेत.”

“कोण?”

“दिवंगत रुग्ण.”

“मग त्यांनी नवीन रुग्ण म्हणून नाव नोंदवावं. फॉर्मवर आधीचा डॉक्टर का सोडला ते लिहायचं. गाव बदललं, पटलं नाही, जे काय असेल ते.”

“मृत्यू चालेल का?” इद्वल प्यू यांनी विचारलं. त्यांना खरोखरच माहिती हवी होती.

“ते कोण बोललं?”

“रुग्ण,” हेलेध म्हणाली.

“त्यांना सांगा, तो रकाना नाहीये. आणि फॉर्मला सात दिवस लागतात. कामाचे.”

फोन ठेवल्यावर हेलेध हाताची बोटं मोडत बसली. “मिस्टर प्यू, माझा परवाना मिळून आज एकवीस दिवस झालेत. मेलेल्या माणसाला औषध लिहून दिलं असं उद्या निघालं तर तो बाविसाव्या दिवशी नसेल. तुम्ही उद्या सकाळी नाव-पत्ता असलेला एखादा सरकारी कागद आणा. काहीही आणा. मी काहीतरी करते.”

“त्रास दिल्याबद्दल माफ करा,” इद्वल प्यू म्हणाले. जिवंत नसल्याबद्दलही त्यांनी माफी मागितली असती, पण ती कशी सुरू करावी ते सुचलं नाही.

घरी येऊन त्यांनी सुतळी लावून पाहिली. दोन बोटं उरली.

त्या दुपारी ते खुर्चीत बसून होते. पुस्तक मांडीवर ठेवलं की सुई ओढली जाई. खिडकीबाहेर पांढऱ्या धुक्याखेरीज काहीच नव्हतं. एवढी टेबलं, एवढी यंत्रं, टेग्विन, वाचनालय, दवाखाना, सगळे एकच गोष्ट म्हणतायत. आणि उलट बाजूला आपण एकटे. छापखान्यात अशा वेळी ते नेहमी बहुमताचं ऐकत. चहा गार झाला होता. आपण तो कधी केला हे त्यांना आठवेना. त्यांनी मोठ्याने खोकून पाहिलं. खोकला खोलीत जरा जास्त वेळ राहिला.

बुधवारी सकाळी सुतळी निम्मी उरली.

पासपोर्ट त्यांच्याकडे नव्हता. ते कुठे गेलेच नव्हते. गाडी चालवत नसत. विजेचं बिल अजून आईच्या नावाने येई. शेवटी त्यांना घड्याळामागचं पत्र आठवलं. सरकारी कागद, वर त्यांचं नाव, पत्ता. ते खिशात घालून ते धुक्यातून खाली उतरले.

हेलेधने त्या कपाटाएवढ्या खोलीत पत्र उलगडलं. “इद्वल प्यू,” तिने वाचलं. “टी कापेल, अबेरवेलन.”

“पेन-ई-ग्राइग,” इद्वल प्यू यांनी दुरुस्ती केली.

“इथे टी कापेल आहे.”

त्यांनी पत्र घेतलं. चष्मा पुसला, पुन्हा घातला. टी कापेल. एक्केचाळीस वर्षं दुसऱ्यांचे स्वल्पविराम शोधणाऱ्या माणसाने तीन महिने घरात असलेल्या कागदावर स्वतःचा पत्ता तपासला नव्हता. कानाच्या पाळ्यांपर्यंत ते लाल झाले. नागीण ते सोसत होते, हे सोसवेना.

हेलेध मात्र उठून फळीकडे गेली होती. तिने दोन कागदी पिशव्या आणून टेबलावर ठेवल्या. दोन्हींवर लिहिलं होतं: इद्वल प्यू, टी कापेल. “हृदयाच्या गोळ्या. मार्चच्या आणि एप्रिलच्या. दर महिन्याला मागणी येते, मी बांधून ठेवते, न्यायला कुणी येत नाही. दोनदा फोन केला. वाजत राहतो.”

“ते फेब्रुवारीत वारले,” इद्वल प्यू म्हणाले.

“संगणकाच्या मते ते ठणठणीत आहेत.”

दोघांनी पत्र आणि पिशव्या शेजारीशेजारी ठेवल्या. मग हळूहळू सगळं उलगडलं. जुना पोस्टमन निवृत्त झाला तेव्हा नव्याला नावं दिली गेली, घरं दिली गेली नाहीत. त्याने दोन इद्वलांची दोन पत्रं उलटसुलट टाकली. टी कापेलचा इद्वल तडफदार माणूस. पेन-ई-ग्राइगच्या पत्त्यावर राहता का, असं विचारल्याबरोबर त्याने ‘नाही’वर खूण केली आणि पत्र त्याच दिवशी टपालात टाकलं. मग पंधरा दिवसांनी तो गेला. हेलेधने मंडळाला फोन करून विचारलं. त्यांनी सांगितलं, आम्ही खात्री केली होती, गावातल्या दुकानात फोन करून इद्वल प्यू कुठे असतात ते विचारलं. दुकानदारबाई म्हणाल्या, अहो, गेल्याच मंगळवारी पुरलं त्यांना. मृत्यू मग पेन-ई-ग्राइगच्या नोंदीत लागला आणि टी कापेलची नोंद चालूच राहिली. कुणी खोटं बोललं नव्हतं. सगळ्यांनी आपापलं काम चोख केलं होतं, एका इद्वल प्यूखेरीज; आणि त्यांनी पत्राला उत्तर दिलं नव्हतं.

“यावर एक सोपी वाट आहे,” मंडळातला आवाज म्हणाला. “टी कापेलची नोंद चालू आहे ना? त्या नावावर लिहा औषध. नाव तेच, साल तेच. यंत्र घेईल.”

हेलेधने फोनवर हात ठेवला आणि त्यांच्याकडे पाहिलं. यंत्र घेणार होतं. पाच मिनिटांत गोळ्या मिळणार होत्या. उरलेलं आयुष्य टी कापेलचा इद्वल म्हणून काढायचं, त्याच्या हृदयाच्या गोळ्यांसकट. आणि पेन-ई-ग्राइगचे तेवढे खरोखर संपणार. इद्वल प्यू उठून उभे राहिले. खोली एवढी लहान होती की उभं राहणं म्हणजे भिंतीवरच्या हृदयाला डोकं लावणं होतं.

“नाही,” ते म्हणाले, आणि बाहेर रांगेतल्या बायकांनाही ऐकू गेलं. “मी पेन-ई-ग्राइगचा इद्वल प्यू आहे. आणि मला दुखतंय!”

आपण ओरडलो हे लक्षात येऊन ते लगेच खाली बसले. “माफ करा,” ते नेहमीच्या आवाजात म्हणाले.

हेलेधने फोन ठेवून दिला. संगणकाचा पडदा भिंतीकडे वळवला. खणातून हिरव्या कागदांची वही काढली, जी वीज गेली तर लागते म्हणून ठेवली होती. “मला परवाना कशाचा दिलाय? माणसाला डोळ्यांनी बघून लिहायचा. मी बघितलंय.” तिने पेन हातात घेतलं. “मूत्रपिंडाचा काही त्रास? दुसरं औषध? कशाची अ‍ॅलर्जी? नाही? बरं. दिवसातून पाच वेळा, सात दिवस, एकही चुकवायची नाही. ह्या कागदाला कोण मेलंय ते माहीत नाही, मिस्टर प्यू. आणि उद्या मला कुणी विचारलंच, तर मी सांगेन, मयत इसमाने माझ्यासमोर पाणी मागितलं.”

“मी पाणी मागितलं नाही.”

“मागा.”

“थोडं पाणी मिळेल का?” इद्वल प्यू म्हणाले. पहिली गोळी त्यांनी तिथेच घेतली. अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. मुदतीला वीस तास चाळीस मिनिटं बाकी होती. कागदावर तिने नावापुढे घराचं नाव टपोऱ्या अक्षरांत लिहिलं होतं. त्यांनी ते तपासलं. बरोबर होतं.

“आता घरी जाण्याआधी एक करा,” पिशव्या बाजूला सारत ती म्हणाली. “त्या पत्राला उत्तर द्या. त्याला उत्तर मिळेपर्यंत इद्वल प्यू दोन आहेत हे त्यांना कळायचंच नाही.”

इद्वल प्यू रस्त्यावर आले आणि पेनाचं टोपण काढलं. मग थबकले. प्रश्न होता: आपण अजून टी कापेल या पत्त्यावर राहता का? ‘नाही’ म्हणायला हरकत नव्हती. पण स्वतः पाहिल्याशिवाय त्यांनी आयुष्यात एकाही कागदावर खूण केली नव्हती, आणि जिथे पाहिलं नव्हतं तिथे काय झालं ते नुकतंच दिसलं होतं. ते चॅपलच्या बाजूने वर चढले.

टी कापेलच्या खिडक्यांचे पडदे ओढलेले होते. धुक्यात घराला कडा नव्हत्या. दारात दुधाची एक रिकामी बाटली, धुतलेली. त्यांनी दार ठोठावलं. मग आपण काय करतोय हे कळायच्या आत हाक मारली,

“इद्वल?”

रिकाम्या घरातून त्यांचाच आवाज परत आला. जरा उशिराने, आणि त्यांनी मारली होती त्यापेक्षा जरा मोठ्याने. त्यानंतर आत फोन वाजू लागला. एकदा, दोनदा, तीनदा. ते मोजत होते. हेलेध असेल, पिशव्यांबद्दल विचारायला. पण तिला तर आता ठाऊक होतं. पाचव्या घंटीला फोन मध्येच थांबला, कुणी उचलावा तसा.

इद्वल प्यू बराच वेळ ऐकत उभे राहिले. आतून काही बोलणं आलं नाही. पलीकडचं माणूस कंटाळलं असेल. तसंच असेल.

त्यांनी कागद दाराच्या चौकटीवर टेकवला आणि ‘नाही’वर खूण केली. माफी मागायला जागा होती. तिचे अकरा नमुने त्यांना पाठ होते. त्यातला एकही त्यांनी लिहिला नाही. खाली फक्त दोन ओळी आल्या, पहिल्या झटक्यात, एकही अक्षर न खोडता: ‘हे गृहस्थ आता इथे राहत नाहीत. वर पेन-ई-ग्राइगला मी राहतो, अजून.’

चॅपलच्या भिंतीत लाल टपालपेटी होती. त्यांनी पत्ता दोनदा वाचला, एकदा मोठ्याने, आणि पत्र आत सोडलं. ते तळाला पडल्याचा आवाज येईपर्यंत ते तिथून हलले नाहीत.